गोधडीतला कोणता तास वाचवायचा?

दिवाळी सरली, धुळ्या-जळगावाकडे पहाटे शेकोट्या दिसायला लागल्या की गोधडीचा विषय निघतोच. अलीकडे त्याला वादाचं रूप आलं आहे. एकीकडे बचत गटांची प्रशिक्षणं आहेत, ‘एका दिवसात गोधडी’ शिकवणारी: शिलाई मशीन, आधीच कापून ठेवलेले चौकोन, संध्याकाळपर्यंत माल तयार. दुसरीकडे हे बघून हळहळणारी माणसं आहेत. गोधडी म्हणजे आईच्या, आजीच्या हाताची ऊब, ती घड्याळ लावून शिवायची वस्तू नव्हे, महिना लागला तर लागू द्या, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजू मला पटत नाहीत, कारण दोघीही फक्त एकूण वेळ मोजतात. दिवस की महिना, एवढंच. गोधडीत कामं किती, कुठल्या कामाला किती तास जातात आणि त्यातला कुठला तास कापला तर गोधडी बिघडते, याबद्दल कुणी बोलत नाही. माझं मत असं: गोधडी लवकर करता येते आणि करावीही. धुणं, थर मांडणं आणि टाचणं या तीन कामांचा वेळ मात्र कापू नये; तो कापला तर दोन-तीन धुण्यांत गोधडी उघडी पडते. बाकी जवळपास सगळीकडे वेळ वाचवावा. आणि किती वेगाने शिवायचं हे ठरवायचा पहिला हक्क सुई धरणाऱ्या बाईचा, पांघरणाऱ्याचा त्यानंतर.

आधी हिशेब मांडू. एका माणसाची गोधडी साधारण पाच फूट रुंद आणि सात फूट लांब, म्हणजे ६० इंच बाय ८४ इंच. धावदोऱ्याच्या दोन ओळींत एक इंच अंतर ठेवलं तर सगळ्या ओळी मिळून ५,०४० इंच, म्हणजे ४२० फूट शिवण भरते. इंचाला तीन टाके धरले तर टाके पंधरा हजारांवर जातात. चार-पाच थरांतून सुई काढताना सरावाचा हात मिनिटाला पंधरा टाके टिकवून धरतो असं मानलं, तरी नुसते दोरे भरायला सतरा तास लागतात. जुने कपडे उसवणं, धुणं, कापणं, जोडणं, थर मांडणं, टाचणं आणि शेवटी कडेने गोट लावणं याला आणखी सात तास धरा. झाले चोवीस. आठ तासांचा दिवस धरला तर तीन दिवस. मग महिना कुठून आला? भाकऱ्या, पाणी, गुरं, निंदणी-वेचणी उरकून दुपारी जो तास-दीड तास हाती लागतो, तेवढाच गोधडीच्या वाट्याला येतो, म्हणून महिना लागतो. त्या संथपणाचं मूळ बाईच्या कामांच्या रगाड्यात आहे. तोच संथपणा आज कलेचा गुण म्हणून मिरवला जातो, तेव्हा तिचा तो रगाडा कुणाला आठवत नाही.

खरं तर आपल्या बायकांनी गोधडी लवकर व्हावी म्हणून किती युक्त्या काढल्या आहेत! कापूस वेचून झाल्यावर आणि मृग लागण्याआधी, चैत्र-वैशाखात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे गोधड्या मांडायच्या. शेतात काम कमी, लेकी माहेरी आलेल्या, आणि ऊन इतकं कडक की धुतलेलं जाड धोतरसुद्धा तासाभरात कडकडीत वाळतं. चार बाया चार कडांना बसल्या की सतरा तासांचं काम सव्वाचार तासांवर येतं. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत मधे जायचं, म्हणजे कुणाला कुणाची वाट पाहावी लागत नाही. दोरा हाताच्या दोन लांबींपेक्षा मोठा घ्यायचा नाही. मोठा घेतला की ओवण्याचा वेळ वाचतोसं वाटतं, पण प्रत्येक टाक्याला हात दोनदा ओढावा लागतो, दोरा गुंततो, थरांतून घासून घासून विरतो. अशा एका गोधडीला दीडशे मीटरच्या आसपास दोरा लागतो, म्हणजे दीडशे वेळा सुई ओवणं आलं. एका ओवण्याला अर्धं-पाऊण मिनिट धरलं तरी तास-दीड तास नुसता ओवण्यात जातो. म्हणून जाणत्या बाया सकाळीच दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवतात आणि ज्या पोरीची नजर चांगली तिला तेवढंच काम देतात. याला घाई म्हणायचं का? कामाची ही नेटकी मांडणी कारखान्याच्या कितीतरी आधीची आहे.

लुगड्याचंच बघा. नऊ वार म्हणजे २७ फूट. त्याचे सारखे चार तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा होतो, माणसाच्या लांबीचा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४५ इंच. दोन तुकडे शेजारी जोडले की साडेसात फूट रुंदीचा एक पडदा; चार तुकड्यांत जोड गोधडीचं वरचं आणि खालचं अंग निघतं, शिवण फक्त दोन. किंवा तेच लुगडं चार पदरी दुमडलं की एकट्या माणसाची चौघडी तयार, जोडशिवण एकही नाही. काठ कडेला येतो, त्यामुळे गोटाचं कामही अर्धं वाचतं. ठिगळ लावायचं ते फक्त कापड जिथे विरलं तिथे. आता प्रशिक्षणातली ‘झटपट’ गोधडी घ्या. चार इंची चौकोन धरले तर त्याच पाच बाय सातच्या मापाला ३१५ तुकडे लागतात आणि ते जोडायला जवळपास दोनशे फूट जादा शिवण. प्रत्येक जोडाखाली कापडाची दुमड राहते, तिथे थर दुप्पट होतो, सुई अडते, वाकते. सहा इंच रुंदीच्या लांब पट्ट्या जोडल्या असत्या तर त्रेसष्ट फुटांत भागलं असतं. म्हणजे ज्याला आपण पारंपरिक समजून जपतो तो रंगीत चौकोनांचा पडदा पुष्कळदा शहरातल्या गिऱ्हाइकासाठी आलेला असतो, आणि घरच्या वापराची जुनी गोधडी त्याहून कितीतरी कमी वेळाची असते. हे समजून न घेता ‘परंपरा विरुद्ध वेग’ असा वाद घालणं म्हणजे वीत न लावताच कापड फाडणं.

आता जिथे वेळ वाचवू नये त्या कामांकडे येतो. पहिलं धुणं. नवं सुती कापड पहिल्या धुण्याला आटतं. तीन ते पाच टक्के तरी जातात. सात फुटांच्या पट्टीत पाच टक्के म्हणजे चार इंच. जुनं, पन्नास वेळा धुतलेलं लुगडं आत आणि कोरं मांजरपाट बाहेर, असं न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर बाहेरचं आटतं, आतलं तसंच राहतं, आणि गोधडीच्या पोटात ओंजळभर गोळे उभे राहतात. ते पुढे कशानेही बसत नाहीत. इस्त्रीनेही नाही. रंगाचंही तसंच. गडद लाल, निळ्या तुकड्यावर ओलं पांढरं फडकं मिनिटभर दाबून धरायचं. डाग आला तर तो तुकडा वेगळा दोन-तीनदा धुवून काढायचा, तरीही रंग सोडत असेल तर बाजूला ठेवायचा. विक्रीच्या गोधड्यांमधली मोठी तक्रार याच रंग सोडण्याची असते, आणि ती टाळायला लागतो एक दिवस. बहुतेक तो उन्हाचा असतो, माणसाचा नसतो.

दुसरं आणि तिसरं, थर मांडणं आणि टाचणं, एकमेकांत गुंतलेली. खालचं अंग उलटं करून सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर अंथरायचं. चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, वरवंटा, विटा, जे असेल ते. पाण्याचा हात फिरवून कापड मधून कडेकडे सपाट करायचं; ओढायचं नाही. ओढलेलं कापड सोडल्यावर मागे येतं आणि तिथेच चुणी धरतं. मग आतला एकेक थर, प्रत्येकाच्या जोडाची रेघ खालच्या जोडापासून दोन बोटं सरकवून, म्हणजे एकाच ओळीत जाडी साठत नाही. आतल्या कापडाचे गुंड्या-बटणं, हुक, जाड शिवणी आधीच काढलेल्या हव्यात. राहिलेलं एक हुक मशीनची सुई मोडतं आणि धुताना वरचं कापड आतून कातरतं. शेवटी वरचं अंग. मग वीतभर अंतराने आडवे-उभे लांब कच्चे टाके. पाच बाय सातला असे सात उभे आणि नऊ आडवे दोरे बसतात, सगळे मिळून शंभर फुटांच्या आत. दोन-दोन इंचांचे टाके असल्याने काम तासाभराचं. चोवीस तासांतला हा एक तास. आणि झटपट शिकवणीत पहिला बळी याचाच जातो: चार टाचण्या लावल्या, चला मशीनवर.

मशीनवर काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. मशीनचे दाते खालच्या थराला धरून मागे नेतात. वरून मशीनचा ‘फूट’, म्हणजे कापड दाबून धरणारी पट्टी, बसलेला असतो, त्यामुळे वरचा थर अडखळत मागून येतो. प्रत्येक टाक्याला वरचं कापड केसभर मागे राहतं. केसभरच. पण सात फुटांच्या ओळीत चार मिलिमीटरचे पाचशेवर टाके असतात. ओळीच्या शेवटी वरचं कापड दोन-अडीच इंच उरतं, ते कोपऱ्यात गोळा होतं, आणि शिवणारी ते बोटाने दुमडून टिपेखाली दाबते. पुढची ओळ उलट दिशेने आली की चुणी दुसऱ्या टोकाला. बाहेरून दिसतं ते कापड पिळल्यासारखं, तिरकं. याला मशीन दोषी की मशीनवर बसण्याआधी वाचवलेला तो एक तास? उपाय सगळे ठाऊक असलेलेच आहेत: वीतभर अंतराचं टाचण, फुटाचा दाब कमी, टाका चार ते पाच मिलिमीटर, सुई सोळा किंवा अठरा नंबरची, जमलं तर वरच्या थरालाही पुढे नेणारा वॉकिंग फूट, आणि पहिली ओळ मधोमध घेऊन तिथून दोन्ही कडांकडे जाणं. हाताने शिवताना कडेकडून आत जाता येतं, कारण सुई कापड ढकलत नाही; मशीनवर तोच क्रम ठेवला तर सगळी ढील पोटात जमून फुगा होतो. एवढं पाळलं तर ४२० फुटांची टीप मारायला मशीन चालते साधारण तासभर, आणि गुंडाळी सांभाळत, फिरवत, बॉबिन बदलत काम होतं तीन-चार तासांत. सतरा तासांचे चार तास. ज्या बाईची बोटं सुईने आणि सांध्यांच्या दुखण्याने धरली आहेत तिला हे तेरा तास नाकारायचे कुणाच्या सौंदर्यदृष्टीखातर?

हातशिलाईच्या बाजूने जे बोलतात त्यांच्याकडे भक्कम मुद्दे आहेत, ते टाळून चालणार नाही. हाताचा धावदोरा सैल बसतो. गोधडी ओढली, पिळली की तो कापडाबरोबर सरकतो. मशीनची टीप दोन दोऱ्यांची गाठ असते, ती सरकत नाही, मग ताण कापडावर येतो. त्यात जुनं लुगडं आणि टाका बारीक असेल तर सुईच्या भोकांची रांग तिकिटाच्या कडेसारखी होते आणि कापड त्याच रेघेवर फाटतं. दोरा नायलॉनचा असेल तर फाटणं आणखी लवकर. दोरा कापडाहून मऊ असावा, ताण आला तर आधी दोरा तुटावा, कारण दोरा पुन्हा भरता येतो. डागडुजीलाही हातशिलाईच सोयीची; पाच बोटं उसवलेलं कोणीही घरी भरून काढतं. हे सगळं मी मान्य करतो. पण दुसरी बाजूही बघा: साधा धावदोरा एका जागी तुटला की वीतभर निघत जातो, मशीनची टीप तिथल्या तिथे थांबते. म्हणूनच मुरलेल्या बाया हातभर शिवलं की एक उलटा टाका घालतात. मग निवड कापडावरून व्हावी. विरत आलेलं सुती लुगडं असेल तर हाताने, मोठ्या सैल टाक्याने. नवं-जुनं मिसळलेलं घट्ट कापड असेल तर मशीनला ना नाही. बाळाच्या दुपट्याला मात्र हातच. मशीनच्या टिपेचे टोकदार शेवट आणि गाठी कोवळ्या अंगाला टोचतात, आणि एवढ्याशा दुपट्याला हाताने लागतात फार तर चार तास.

दाट टाके म्हणजे चांगली गोधडी, हाही असाच एक समज. ऊब दोऱ्याने येत नाही, थरांमधे अडकलेल्या हवेने येते. अर्ध्या इंचावर ओळी भरल्या की गोधडी टिकते खरी, पण दाबली जाऊन फळीसारखी होते, अंगाला धरत नाही, आणि त्याच कापडात ऊब कमी देते. उलट तीन इंचांवर गेलात तर तापी-पांझरेच्या काठावर धोपटण्याचे चार घाव बसताच आतले थर सरकून एका कडेला गोळा होतात. भिजलेल्या गोधडीचं वजन कोरडीपेक्षा कितीतरी जास्त असतं. पिळताना तो सगळा भार ओळींवर येतो. रोजच्या वापराला एक ते दीड इंच पुरतं. दीड इंच धरलं तर शिवण ४२० फुटांवरून २८० वर येते आणि सहा-एक तास वाचतात. हा वेग खरा, कारण त्याची किंमत गोधडीला मोजावी लागत नाही.

हातशिलाईवाल्यांचा दुसरा मुद्दा भावनेचा म्हणून बाजूला सारला जातो, पण तोही खरा आहे. गोधडीभोवती बाया बसतात, बोलतात, जात्यावरच्या ओव्या जात्याबरोबर गेल्या तरी इथे थोड्या उरल्या. सासुरवाशिणीला मन मोकळं करायला ती दुपार असते. मशीनपुढे एकटीच बसावं लागतं. हे नुकसान मोजता येत नाही, तरी ते नुकसान आहेच. पण ती बैठक टिकवायची असेल तर ती त्या बायांसाठी टिकवा, त्यांच्या सवडीने. विकायच्या मालावर ‘मायेची ऊब’ लिहून ती बैठक विकत घेता येत नाही. तिसरा मुद्दा बाजारातल्या फसवणुकीचा. ठिगळांचं चित्र छापलेलं एकसंध कापड, आत पॉलिएस्टरचा पातळ थर, वर मशीनची आडवी-उभी टीप, आणि नाव ‘हातची गोधडी’. याने खऱ्या हातशिलाईचा भाव पडतो, हे शंभर टक्के बरोबर. मात्र त्यात चूक खोटं बोलण्याची आहे. हा माल तीन महिने खपून केला असता तरी तो खोटाच ठरला असता.

हाताचं काम आणि वेग यांचं वैर आहे, हे गृहीतच तपासायला हवं. खानदेशात फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, त्याबरोबर खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शनही. त्यामुळे हातकामाचा विषय निघाला की आपल्याकडे गांधीजींचा दाखला लगेच येतो, आणि तो यंत्राच्या विरुद्ध दिला जातो. पण १९२४ साली ‘यंग इंडिया’त छापून आलेल्या एका संवादात यंत्रांवर टीका करतानाच त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला स्पष्ट अपवाद केला, बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट बघून, तिच्यावरच्या प्रेमापोटी सिंगरने ती घडवली, असं ते म्हणाले. पुढे १९२९ साली गांधीजींच्याच अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी काय होत्या? चरखा दीडशे रुपयांच्या आत बसावा, आठ तासांत १६,००० फूट सूत निघावं, आणि बाईला फार न थकता सलग आठ तास चालवता यावा. हातकताईचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता वेगासाठी लाख रुपये लावतो आणि त्याच यादीत बाईच्या थकव्याची अट घालतो. वेग हवा, तो कुणाच्या जिवावर नको, हे त्या अटींत स्पष्ट आहे. मग आपण गोधडीपुरतं त्यांच्याहून कडवं का व्हावं?

परदेशातले दाखलेही हेच सांगतात. इलायस हाऊने १८४६ साली दोन दोऱ्यांच्या टिपेच्या मशीनचं पेटंट घेतलं, १८५१ साली सिंगरने. ती यंत्रं घराघरात गेली तेव्हा अमेरिकेतल्या कित्येक बायांनी आपल्या गोधड्यांवर मशीनची टीप मुद्दाम वरच्या अंगाला, दिसेल अशी मारली. महाग मशीन घरात असण्याचा तो अभिमान होता. आज तीच टीप लपवावीशी वाटते. म्हणजे हात आणि मशीन यांची प्रतिष्ठा काळाप्रमाणे वर-खाली होत आली आहे, गोधडीच्या गुणाशी तिचा संबंध थोडाच. अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या वस्तीतल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात लागल्या. त्या केल्या होत्या शेतात घालून विटलेल्या पँटी-सदऱ्यांच्या मोठमोठ्या तुकड्यांच्या, गारठणाऱ्या घरांत पोरांना पांघरायला. त्या बायांना नाजूक कलाकुसरीला सवड नव्हती. मोठे तुकडे, थोड्या शिवणी, हाताशी येईल ते कापड. त्या तंगीतून जी मांडणी आली तिच्यापुढे आज लोक थांबतात. आणि शेजारच्या गुजरातेत भरूचची सुजनी बघा. मागावर विणतानाच कापडाच्या दोन पदरांत कप्पे ठेवून त्यात कापूस भरत जातात. रजई मागावरून पुरी होऊनच उतरते, सुईचा टाका नाही. तिला भौगोलिक मानांकन आहे. सुई नाही म्हणून ती कमअस्सल ठरवायची का?

वेगापेक्षा मोठा घात कापडाने केला आहे आणि त्यावर दोन्ही बाजू गप्प आहेत. सुती लुगडी नेसणाऱ्या पिढीबरोबर लुगडी संपत चालली. अमळनेरची, जळगावची, चाळीसगावची गिरण्यांची धोतरं-चादरी गेल्या. आता घरात निघतात त्या सुरतेच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या, आणि किलोवर मिळते ती तिथलीच कतरण; सुरतेच्या यंत्रमागांवर आणि प्रक्रिया कारखान्यांत आपलीच खानदेशी माणसं राबतात. हे कापड निसरडं. थर एकमेकांवर बसत नाहीत, घाम शोषत नाहीत, शेकोटीची ठिणगी पडली तर सुती कापड जळून काळं पडतं, हे वितळून अंगाला चिकटतं. शिवायला वेळही जास्त लागतो, कारण टाचण वीतभराऐवजी चार बोटांवर घ्यावं लागतं. अशा कापडाची गोधडी दोन महिने खपून, टाक्याला टाका लावून केली तरी लुगड्याची सर येणार नाही. निदान अंगाला लागणारं खालचं अंग आणि मधला एक थर सुती असावा. जुनी चादर, पंचा, मुलांचे सुती शर्ट, चालेल ते. कृत्रिम साड्या वरच्या अंगाला आणि अधल्यामधल्या थरांना. वर काढलेली साडी दिसायला छानही दिसते.

कापसाच्या लेपाचं, म्हणजे रुई भरलेल्या पांघरुणाचं, गणित वेगळं, पण तिथेही हेच दिसतं. पिंजाऱ्याची धुनकी जाऊन विजेचं पिंजण यंत्र आलं, त्याबद्दल कुणी अश्रू ढाळले नाहीत, आणि ढाळूही नयेत. तो धुराळा छातीत जात असे. बिघडतं ते रुई उन्हात न तापवता ओली पिंजली की. गाठी राहतात, गाठीशेजारी पोकळी, आणि पोकळीतून गारठा. चांगली पिंजलेली थोडी रुई वाईट पिंजलेल्या भरपूर रुईला भारी पडते. जयपूरच्या पाव किलोच्या रजईचं नाव त्यावरच झालं. टाक्यांत वीतभराहून जास्त अंतर सोडलं तर रुई पायथ्याशी उतरते. तिथेही यंत्र कामाचंच, वाळवणाचा दिवस मात्र सोडता येत नाही.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि माझ्या मते वादाचं मूळ तिथेच आहे. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरली. तीन दिवसांच्या हातच्या गोधडीची नुसती मजुरी त्या दराने ९३६ रुपये होते. कापड, दोरा, वाहतूक वेगळी. चौकातल्या गिऱ्हाइकाला हा आकडा ऐकून धक्का बसतो, पण तोच माणूस ‘हळूहळू, प्रेमाने शिवलेली’ गोधडी मागतो. हळू शिवण्याची मजुरी कोण देणार? घरोघर फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या भटक्या समाजातल्या बायांना नगावर पैसे मिळतात. त्या दोघी-दोघी बसून दिवसात एक गोधडी उतरवतात, उतरवावीच लागते. नगाचा दर ठरला की टाके विरळ होणं ओघाने येतं, आणि मग त्यांच्याच कामाला ‘घाईचं’ म्हणून नाव ठेवलं जातं.

म्हणून दर नगावर ठरवणं सोडावं, शिवणीच्या फुटावर ठरवावा. सतरा तासांत ४२० फूट, त्याच मजुरीने तासाला ३९ रुपये, म्हणजे फुटाला एक रुपया साठ पैशांच्या आसपास. टाचण आणि गोट धरून तयारीच्या सात तासांचे पावणेतीनशे रुपये वेगळे, कुठल्याही अंतराला तेवढेच. गिऱ्हाइकाने एक इंचाची ओळ मागितली तर शिवणीचे सुमारे पावणेसातशे, दीड इंचाची मागितली तर साडेचारशे, दोन इंचांची तर सव्वातीनशेच्या थोडे वर. मशीनची टीप हवी असेल तर तिचा दर फुटाला वेगळा. पट्टी घेऊन गोधडीवर अंतर कुणीही मोजू शकतं, त्यात लबाडीला जागा नाही. बचत गटांनी गोधडीला लावायच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात: हात की मशीन, ओळींतलं अंतर, आतले थर किती आणि त्यातले सुती किती, कापड आधी धुतलं का. चौथ्या ओळीपुढे ‘हो’ लिहिता यावं म्हणून प्रशिक्षणाचा एक दिवस दोन दिवसांचा करावा लागेल: पहिल्या दिवशी फक्त धुणं आणि वाळत घालणं, संध्याकाळी टाचण. दुसऱ्या दिवशी ज्यांना मशीनवर बसायचं त्या मशीनवर, ज्यांना सुई हवी त्या जमिनीवर, कडेला.